मुठीतलं पांढरं बटण

मी खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला वार विचारला. मी म्हटलं, "मंगळवार, आणि तुमच्या शर्टाची कॉलर वाकडी बसली आहे." ते म्हणाले, "आजी, शुद्ध जरा जास्तच आहे."

वकीलसाहेबांनी मसुद्यात माझ्या यजमानांना 'उक्त पती' म्हटलं होतं. ते मी खोडलं. इतकी वर्षं मी त्यांना 'हे' म्हणत आले, या कागदावरही 'हे'च म्हणणार.

कलम एक. पायमशीन, इस्त्री आणि कापायचं टेबल माझ्या हाताखाली शिकलेल्या डावखुऱ्या मुलीला द्यावं. मोठी कैचीही तिलाच. त्या कैचीने कोणी कागद कापला तर मी मेले असले तरी मला कळेल, हे तिला बजावून सांगावं.

कलम दोन. शेजारच्या औषधवाल्याशी मी एक्केचाळीस वर्षं बोललेले नाही. हे घर सोडून गेल्यावर चौकशीला पोलीस शिपाई आले, तेव्हा हा न विचारता म्हणाला, "कोट घालून गेलाय, म्हणजे लांब गेला असणार." आता तोही थकलाय, पावसात भिजत दुकान उघडतो. त्याला माझी छत्री द्यावी. माफ केलं असं मात्र सांगू नये.

कलम तीन, संघटनेबद्दल. संघटनेच्या कचेरीत यांचं मोठं चित्र लावलं आहे. रंगाऱ्याने यांच्या खांद्यावर बंदूक दिली आहे आणि खाली लिहिलं आहे, 'बंदुकीचा मार्ग दाखवणारे पहिले वीर'. दरवर्षी मला त्या चित्राखाली खुर्चीवर बसवतात, हार घालतात, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसते. ते कुलूप आता काढते.

तेव्हा आम्ही सात जण होतो. माझ्या दुकानात जमायचो, कारण शिंप्याकडे माणसं का येतात हे कोणी विचारत नाही. हे बंदरावर क्रेन चालवायचे. मास्तर शाळेत शिकवायचे. एक परिचारिका होती, एक बेकरीवाला, दोघे गोदीतले हमाल, आणि मी. बंदराच्या फाटकावर सरकारने गोळीबार केला, त्यात माझा धाकटा भाऊ गेला. त्याची बायको बाळंतपणातच गेली होती, त्यामुळे आठ महिन्यांची भाची माझ्या मांडीवर आली. अकरा दिवसांनी डोंगरातल्या बंडवाल्यांकडून निरोप आला की बंदुका तयार आहेत, माणसं द्या. डोंगरात जायचं की बंदर बंद पाडायचं, हे आम्हाला त्या दुपारी ठरवायचं होतं.

हे म्हणाले, "सरकारकडे बंदुका किती आणि आपल्याकडे किती? ज्यात त्यांचा हात वर, त्यातच आपण का उतरायचं? मी रोज वरून बघतो. एक क्रेन थांबली तर मुकादम शिव्या घालतो. अकरा थांबल्या तर मंत्री गाडीतून उतरतो."

मास्तर तडकले. "आणि तोवर आम्ही मरत राहायचं?"

"तोवर पोटाला चिमटा काढायचा. बंदूक घेतली तर पाचपंचवीस जवान पोरं लढतील आणि बाकी गाव दाराआड बसेल. काम थांबवलं तर म्हातारीसुद्धा लढते, मास्तर."

मला राहवलं नाही. "अहो, ते गोळ्या घालतात! माझ्या भावाच्या हातात जेवणाचा डबा होता."

हे खाली बघत म्हणाले, "ठाऊक आहे गं. डबा मीच उचलला."

आमची ठरवायची रीत अशी होती. प्रत्येकाला एक काळं आणि एक पांढरं बटण मिळायचं. कपडे घालून बघायच्या पडद्याआड जायचं, एक बटण पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि दुसरं बटणांच्या मोठ्या बरणीत, म्हणजे कोणी काय टाकलं ते कळू नये. त्या दिवशी काळं म्हणजे बंदूक, पांढरं म्हणजे काम बंद. आणखी एक नियम होता. ज्याने उघडपणे एक बाजू मांडली आणि ती पडली, त्याने ठरलेल्या कामात सगळ्यांच्या पुढे जायचं. आधीची संघटना हरलेले लोक घरी रुसून बसल्यामुळे फुटली होती, म्हणून हा नियम केला होता. केला कोणी? यांनीच.

मी मनात मोजलं होतं. पांढरी पाच तरी पडतील, बंदर बंद होईल, सगळं यांच्या मनासारखं होईल. मग माझं एक काळं पडलं तर काय बिघडतं? माझ्या भावासाठी डब्यातून एक तरी काळं निघावं, एवढंच मला हवं होतं. मी काळं टाकलं.

मास्तरांनी डबा पालथा केला. काळी चार, पांढरी तीन.

हे उठून उभे राहिले. "ठरलं तर मग. पहिला मी," म्हणाले, आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. माझं पांढरं बटण बरणीत टाकायचं राहून गेलं होतं. ते मुठीतच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे कोट घालून डोंगराकडे निघाले तेव्हाही ते माझ्या मुठीत होतं. यांनी विचारलं, "काय आहे हातात?" मी म्हटलं, "काही नाही." यांनी माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली, जरा वेळ तशीच ठेवली, आणि म्हणाले, "राहू दे. आलो की बघू."

यांना कळलं होतं का? एक्केचाळीस वर्षं मी एवढंच विचारायला थांबले आहे.

सरकारला बंदूकच हवी होती. काम थांबवलेल्या माणसावर तोफ लावायला जरा तरी लाज वाटते, बंदूकवाल्यावर लावायला वाटत नाही. डोंगरातल्या ज्या गावांनी भाकरी दिली ती आधी जाळली. दोन वर्षांत सगळं संपलं, आणि यांचा निरोपही आला नाही, देहही आला नाही. पुढे नऊ वर्षांनी बंदरातल्या अकरा क्रेन थांबल्या. सतराव्या दिवशी मंत्री गाडीतून उतरला. मी गर्दीत उभी होते आणि वेड्यासारखी वर बघत होते, कुठल्या क्रेनवर हे दिसतात का.

मास्तर शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा मी दवाखान्यात गेले. ते म्हणाले, "ताई, मी बोललो तावातावाने, पण हरायचंच आहे असं धरूनच काळं टाकलं होतं. बाकीचे पांढरं टाकतील म्हटलं." मी त्यांच्या उशाशी बसून खूप रडले.

म्हणून संघटनेने चित्रातली बंदूक रंगवून पुसावी, हे कलम कचेरीत मोठ्याने वाचावं, आणि पुन्हा कधी असं ठरवायची वेळ आली तर पडद्याआड जाण्याआधी प्रत्येकाला एकदा विचारावं की तुझ्या एकट्याच्याच बटणावर ठरणार असेल तर कुठलं टाकशील.

कलम चार. कपाटात एक्केचाळीस सदरे आहेत. दरवर्षी एक, यांच्या मापाचा. पहिली दहा वर्षं माप तेच ठेवलं. मग कंबर एक बोट वाढवली, कारण जेवणात हे कधी मागे नव्हते. हल्ली खांदे जरा उतरवते. आले असते तर नवा सदरा घालून आरशापुढे म्हणाले असते, "बाही लांब झाली गं," आणि मी म्हटलं असतं, "तुमचे हात आखूड झालेत." सदरे बंदरावरच्या माणसांना वाटावेत, ज्याला जो बसेल तो.

कलम पाच, घर. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून यांच्या सहीशिवाय छपराची दुरुस्ती होत नाही. भाचीची मुलं झोपतात त्या खोलीच्या तुळईला गेल्या वर्षापासून टेकू लावला आहे. ती बिचारी दर महिन्याला तो अर्ज माझ्यापुढे ठेवते. "आत्या, काकांना मयत धरा, एवढंच लिहायचंय. मी काय काकांचं वाईट चिंतते का?" आणि मी दर वेळी चष्मा सापडत नाही म्हणते. चष्मा डोळ्यांवर असतो, हे तिलाही दिसतं. ती मुकाट्याने अर्ज उचलून ठेवते.

आज तो अर्ज मी भरला. यांचा हिस्सा माझ्याकडे येईल, आणि मग सगळं घर भाचीचं. अर्जात एक रकाना होता, 'घर सोडून जाण्याचं कारण'. त्यात लिहिलं आहे, 'माझं काळं बटण'. कारकून हरकत घेईल, त्याला कलम तीन दाखवावं.

शेवटचं. पांढरं बटण शिवणाच्या खणात, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाच्या डबीत आहे. मला नेताना ते माझ्या उजव्या हातावर ठेवावं. हे कुठे भेटलेच, तर या वेळी त्यांना विचारावं लागू नये. मूठ मिटू नका, उघडीच ठेवा.

सही: शिंपीणबाई
ठिकाण: दुकान, खिडकीजवळचं टेबल
तारीख: पंधरा, बुधवार, सकाळी अकरा

साक्षीदार एक: निवृत्त क्रेनवाला, यांच्या पुढच्या पाळीचा. (साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, नाहीतर पहिला सदरा त्याचाच होता.)
साक्षीदार दोन: डॉक्टर. कॉलर नीट करून आले आहेत.