ओटीतला गहू

शिरोळ, १८ डिसेंबर २०२४

चि. विश्वजितास, शालूताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मीठ फुटून रान पांढरंफट्ट पडलं होतं ना, तिथं तू दिलेला गहू गेल्या साली तरारून आला. यंदा घरचंच बी पेरलंय. शेजारचे गुंडूआण्णा रोज बांधावर येऊन, हे कसलं बी हाय म्हणून खोदून विचारतात. कुणाला देऊ नकोस म्हणालास, म्हणून मूठभरसुद्धा दिलं नाही.

फक्त स्नेहल दिवाळीला आली तेव्हा तिची ओटी त्याच गव्हानं भरली. लेकीची ओटी म्हणजे काही देणं नव्हे. कुरुंदवाडला सासऱ्यांच्या खारट रानात तिनं ते पाच मुठी गहू पेरले, छान उगवलेत. मामाचं कौतुक चाललंय तिकडं! वेळेवर जेवत जा.

तुझी शालूताई

पुणे, १४ जानेवारी २०२५

ती. ताईस, शि. सा. न.

तो गहू साधा नाही. मीठ सोसणाऱ्या एका गवताचं जनुक आम्ही प्रयोगशाळेत त्यात घातलंय. बाहेर पेरायची परवानगी नाही. आपल्या रानात जगतो का ते बघायचा मोह झाला, म्हणून गुपचूप आणला. तुला सांगायला हवं होतं, चुकलो. स्नेहलच्या सासऱ्यांनी हौसेनं फोटो टाकला तो इथवर आला. चौकशी होईल. तू काही बोलू नकोस, मी सगळं अंगावर घेतो. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा विश्वजित

शिरोळ, ९ फेब्रुवारी २०२५

विश्वजित,

साहेब येऊन गेले. दोन्ही रानांतला गहू उपटून जाळला. स्नेहलच्या सासऱ्यांनी तिला चारचौघांत विचारलं, आईनं ओटीत चोरीचा माल घातलाय व्हय म्हणून. पोर अजून माझ्याशी बोलत नाही.

तुझी नोकरी जाईल ह्या भीतीनं मी आपणहून सांगितलं, की पुण्याला आले होते तेव्हा तो गहू मीच उचलला, भावाला काही ठाऊक नाही. साहेबांनी तुझा जबाब काढून वाचला. त्यातही हेच होतं, बहिणीनं न विचारता नेला. दोघांचं जुळतंय म्हणाले.

खाली तुझी सही होती, बारा जानेवारीची. सगळं अंगावर घेतो असं मला लिहिलंस, त्याच्या दोन दिवस आधीची.

धाकटा आहेस, म्हणून आशीर्वाद लिहिते. लोभाचं मात्र विचारू नकोस.

शालू