उपरोधाला अनुमोदन

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या मिनिटाला मोबाइलवर कॉलेजच्या इमारत समितीचं इतिवृत्त आलं. शुक्रवारच्या सभेचं. कलम चार : 'नव्या विज्ञान इमारतीचा आराखडा व बांधकाम दोन्ही एकाच कंत्राटदाराकडे सोपवावे. सूचक : प्रा. शर्मिला रेठरेकर (निवृत्त).'

सूचक — मी!

शुक्रवारी काय झालं ते असं. आमची संस्था इथे कर्वेनगरला आजवर आधी आर्किटेक्ट नेमते, त्याच्याकडून नकाशे घेते, मग टेंडर काढते. बांधणारा वेगळा, त्याच्यावर नजर ठेवणारा वेगळा. अध्यक्ष पृथ्वीराज यांना हे जुनाट वाटतं. (फर्स्ट इयरला माझ्या प्रयोगशाळेत दोन ब्युरेट फोडल्या होत्या यांनी. आता साहेब.) म्हणाले, "एकच माणूस, एकच फोन, एकच जबाबदारी. जूनमध्ये किल्ली हातात!"

मी म्हटलं, "वा! फारच छान कल्पना. नकाशा त्याचा, भिंत त्याची, तपासणीही त्याचीच. पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच — निकाल शंभर टक्के! द्या की मग त्यालाच. मीच सुचवते, घ्या लिहून."

कार्यवाह रामदासरावांनी घेतलं लिहून.

शेजारी तनुजा होती. माझी विद्यार्थिनी, आता रसायनशास्त्राची विभागप्रमुख. ती हसत म्हणाली, "अगदी, मॅडम, अगदी!" इतिवृत्तात : 'अनुमोदक : डॉ. तनुजा.'

पुण्यात जन्म काढला. टोमणा कळत नाही असा माणूस इथे कार्यवाह होतो, हे मात्र आज कळलं.

मंगळवार, रात्री

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला याच कारणासाठी वर्गात थांबवून ठेवायच्या. शंभर वेळा लिहायचं : 'मला जे म्हणायचं आहे तेच मी म्हणेन.' सुरेख अक्षरात लिहिलं. उपयोग शून्य.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रामदासरावांना फोन. म्हटलं, दुरुस्ती करा.

"अहो मॅडम, पण आपण म्हणालात ना? 'मीच सुचवते, घ्या लिहून.' शब्दशः आहे."

"तो उपरोध होता, रामदासराव."

"असेल. पण इतिवृत्तात उपरोधाला रकाना नाही."

वर म्हणतात, "साहेब फार खूश आहेत. म्हणाले, बाईंचा विरोध असेल वाटलं होतं, बाईंनीच पुढाकार घेतला." मतदान २९ तारखेच्या सभेत. नऊपैकी सात हात साहेबांचे. दोन उरतात — सूचक आणि अनुमोदक!

खोटं कशाला लिहू — जुनी पद्धत म्हणजे काही देवाचं देणं नव्हे. ग्रंथालयाच्या वेळी आर्किटेक्ट म्हणे कंत्राटदाराची चूक, कंत्राटदार म्हणे नकाशाची. जिना वर्षभर अर्ध्यावर लटकला होता. पण भांडायला दोघं होते म्हणून चूक दिसली तरी! दोघांचं भांडण परवडलं, एकाचा आत्मसंतोष नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तनुजा गाडी घेऊन आली. "मॅडम, वाघोलीला चला. बघाच तुम्ही."

संस्थेची वाघोलीची शाखा तीन वर्षांपूर्वी अशीच एकहाती बांधली. देखणी आहे. काचाच काचा. रिसेप्शनला सोफा. तनुजाने मला थेट प्रयोगशाळेत नेलं, आम्लाच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापाशी. पंखा लावला. पंखा उत्तम. मग शिडी मागवून फॉल्स सीलिंगची एक चौकट सरकवली.

वाफ बाहेर नेणारा पाइप छताच्या पोकळीत शिरतो. आणि तिथेच संपतो! बाहेर जातच नाही. वरच्या मजल्यावर गणिताचा वर्ग. तिथली पोरं डोकं दुखतं म्हणतात. सगळ्यांना वाटतं, गणितामुळे.

कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. अदबीचा माणूस. म्हणे, "मॅडम, ड्रॉइंगप्रमाणेच आहे काम."

"ड्रॉइंग कुणाचं?"

"आमचंच."

"तपासलं कुणी?"

"आमच्याच साहेबांनी."

हाच कंत्राटदार कर्वेनगरला येणार आहे.

परतताना तनुजाने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "मॅडम, पुढची वीस वर्षं त्या नव्या लॅबमध्ये मी उभी राहणार आहे. माझी मुलं उभी राहणार आहेत. आणि कागदावर अनुमोदक कोण, तर मी." तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पुन्हा रामदासराव. म्हटलं, दुरुस्ती नको तर राहू द्या, मी विरोधी सूचना देते : आर्किटेक्ट आधी, टेंडर मग.

"नाही बसत, मॅडम. एका विषयावर एका सदस्याची एकच सूचना. आपली झाली."

"मग तनुजा देईल."

"अनुमोदकालाही तोच नियम."

"म्हणजे नको असलेलं बाळ माझ्याच पदरात!"

"आपलंच आहे, मॅडम. सूचना सूचकाची. आपल्याशिवाय तिला साहेबसुद्धा हात लावू शकत नाहीत. आणि दुसऱ्या कुणाला काही आणायचं असेल तर सात दिवस आधी लेखी. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत. नंतर थेट मार्चच्या सभेत." आवाजात काय तो आनंद! नियम सांगताना या माणसाला मोदक मिळाल्यासारखं होतं.

फोन ठेवला. चहा केला. तो प्यायचा राहिला.

एक गोष्ट सुचली आहे. इथेही लिहिणार नाही. सोमवारपर्यंत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गप्प बसले. दिवसभर! साहेबांचा फोन आला, "बाई, आपल्या पाठिंब्याबद्दल आभार." मी म्हटलं, "छे, छे." याहून जास्त एक अक्षर नाही. जीभ चावून दुखते आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

मुदत काल संपली. कुणीही नवी सूचना दिलेली नाही. कशाला देतील? माझी होती ना!

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५. सकाळी १० वाजता.

पत्र स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. रामदासरावांनी उभ्यानेच वाचलं, मग खाली बसले. मजकूर इथे उतरवते. सिस्टर असत्या तर पहिल्यांदा पूर्ण गुण मिळाले असते, मला जे म्हणायचं आहे तेच म्हटलं आहे :

'कलम चारमधील सूचक म्हणून माझे नाव बरोबर आहे. दुरुस्ती नको. सूचक या नात्याने मी ती सूचना मागे घेत आहे. अनुमोदकांची संमतीची सही सोबत आहे. आता या विषयावर सभेपुढे कोणतीही सूचना उरलेली नसल्याने संस्थेच्या चालू पद्धतीप्रमाणे आर्किटेक्ट नेमण्याचे काम सुरू करावे. तसे केल्याचे लेखी उत्तर मला बुधवार, २६ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे.'