उभ्याने जेवणारी माणसं

४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
ओळंब्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर छोटी तुला सोडतच नाही, म्हणून कामाचं रडगाणं पत्रातच गातो. तुझी लेक मजेत आहे. पुढचा दात पडलाय. मामाला भिंत बांधता येते पण वेणी घालता येत नाही, असं शाळाभर सांगून झालंय तिचं. आईकडे कधी जायचं, हे रोज विचारते. तुझ्या कामाच्या परवान्याचं काय झालं ते कळव.

आमच्या इमारतीवर ठेकेदाराने परमुलखातले अकरा जण आणलेत. आमच्यापेक्षा कमी रोजावर राबतात आणि दुपारीसुद्धा परांचीवरून खाली उतरत नाहीत. एका हातात घास, दुसऱ्या हातात थापी. त्यांच्याकडे बोट दाखवून ठेकेदाराने आमची तासाची सुट्टी अर्ध्यावर आणली. ही माणसं आमच्या पोटावर पाय द्यायलाच आलीत. आम्ही आठ गवंड्यांनी ठरवलंय, एक तारखेला थाप्या खाली ठेवायच्या आणि सांगायचं, एक तर ते राहतील नाहीतर आम्ही. तुझी परवानगी मागत नाहीये, नुसतं कळवतोय.

तब्येतीला जप. तुझा राग आणि लोभ दोन्ही आहेत तसेच राहू देत.
तुझा,
ओळंबा


१४ फेब्रुवारी

चि. ओळंब्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा ताठ चालायचास म्हणून तुझं हे नाव पडलं. एवढा घोडा झालास तरी मान काही वाकत नाही तुझी.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अरे, ज्यांच्यावर तू एवढा खवळलायस ना, ती मी आहे. इथल्या धुलाईच्या कारखान्यात आल्यापासून मी उभ्यानेच जेवते. हॉस्पिटलच्या चादरी गरम रुळांतून बाहेर येतात आणि आम्ही दोघीदोघी टोकं धरून घड्या घालतो. माझा हात भरभर चालतो. सुपरवायझरने माझ्या घड्यांचा आकडा भिंतीवर लावला, तेव्हा मी तुला केवढ्या फुशारकीने कळवलं होतं. तोच आकडा आता सगळ्यांना गाठावा लागतो. इथल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत ते मी परकी म्हणून, असं मी वर्षभर धरून चालले होते. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जोडीच्या चष्मेवालीला मोडक्यातोडक्या भाषेत विचारलंच. तिने आधी भिंतीकडे बोट केलं, मग बाही वर सारून मनगटावरची पट्टी दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारपासून मी बसून जेवणार आहे. भीती वाटते, ते तुझ्यापासून काय लपवू? परवाना वाढवायला सुपरवायझरचं पत्र लागतं, आणि आकडा टिकला तरच पत्र देईन, असं तो म्हणालाय. ते पत्र नसेल तर छोटीला इथे आणता येणार नाही. तिला यातलं काही बोलू नकोस. आणि तू एक तारखेच्या आत परांचीवर चढ. ती माणसं खाली का उतरत नाहीत, हे त्यांनाच विचार. ताईचं एवढं ऐक.

छोटीचे पापे घे. माझ्यावर माया असू दे आणि डोकं थंड असू दे.
तुझी,
ताई


४ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. तिकडे बसून मला शहाणपण शिकवते, असं वाटलं. दोन दिवस पत्र खिशात घेऊन नुसत्या विटा रचल्या. तिसऱ्या दिवशी चढलो वर.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं ते ऐक. खाली उतरलात तर अर्धा रोज कापीन, असा ठेकेदाराने त्यांना दम दिलाय. शिवाय जेवायची खोली आमची आहे आणि आम्हीच त्यांना तिथे पाऊल ठेवू देत नाही, हेही सांगून ठेवलंय. आम्हाला मात्र म्हणतो, त्यांना सुट्टी नकोच असते. एकाच माणसाने दोन्हीकडचे कान भरले. इतक्या महिन्यांत आम्हाला एकदाही विचारायचं सुचलं नाही, याची मला लाज वाटली.

आठांतले दोघे माझ्यावर उखडले, मी फितूर झालो म्हणे. राहिलेले आम्ही सहा आणि ते अकरा, एक तारखेला सगळे मिळून खाली बसलो. पुरा तास. ठेकेदार थयथयाट करत होता, दुसरी माणसं आणतो म्हणाला. आणू दे. आली की त्यांनाही खाली बोलवू. सगळ्यांना एकच रोज, हे मागायचं आता ठरलंय.

पण ताई, तू बसू नकोस. माझं काय, मी इथलाच. एका कामावरून काढलं तर दुसऱ्या कामावर उभा राहीन. तुझा परवाना त्या माणसाच्या हातात आहे. पत्र मिळेपर्यंत उभ्याने जेव, तुझ्या पाया पडतो. छोटी आईकडे जायच्या गोष्टी सगळ्या गल्लीला सांगत फिरते गं.

भावावर लोभ आहे ना, मग हट्ट सोड.
तुझा,
ओळंबा


१८ मार्च

चि. ओळंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं तेव्हा मला बसून जेवायला लागून महिना होत आला होता. पहिल्या दिवशी बायका नुसत्या बघत राहिल्या. मग चष्मेवालीने आपली पिशवी उचलून मला जागा केली. आता आम्ही बावीसजणी वेळेवर बसतो आणि वेळेवर उठतो. आकडा अजून भिंतीवर आहे, पण तो कुणाचाच पुरा होत नाही.

सुपरवायझरने पत्र दिलं नाही. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतात, असं तोंडावर म्हणाला. मग या बायकांनीच माझ्यासाठी अर्ज लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि चष्मेवाली आपली सुट्टी मोडून माझ्याबरोबर परवान्याच्या कचेरीत आली. कारकुनाने अर्ज ठेवून घेतला. सुनावणी पुढच्या हिवाळ्यात आहे. तोवर मला इथे राहता येईल, काम करता येईल. मुलीला मात्र आणता येणार नाही.

छोटीला रविवारी मीच सांगितलं. ती फोन ठेवून निघून गेली, तू तिथेच होतास. मी चुकले का, असं तेव्हापासून शंभरदा मनात आलंय आणि शंभरदा रडलेय. तरी उद्या मी बसूनच जेवणार. आणि तूही एका रोजाच्या मागणीवर पडतं घेऊ नकोस.

तिच्यासाठी इथे एक कोट घेऊन ठेवला होता. काल दुकानात जाऊन तो परत केला आणि त्याहून एक माप मोठा आणला.

दोघांवर जीव आहे, तो तिकडे पोचता राहो.
तुझी,
ताई