माहितीपत्रक

३ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

आठवतं का गं, रविवारी पायरीवर बसून आपण शाळेचे बूट चमकवायचो? तू ब्रश लपवायचीस आणि आईची बोलणी मला बसायची. तेव्हा हसू यायचं.

आज आईची औषधं आवरताना दवाखान्याचा दोन वर्षांपूर्वीचा कागद सापडला. डॉक्टरांनी लिहिलंय, स्मृतिभ्रंश, सोबतच्या मुलीला समजावलं, माहितीपत्रक दिलं. सोबत तू होतीस. घरी येऊन म्हणालीस, काही नाही, वय झालंय.

आईचं विसरणं वाढत गेलं, तशी मी उपाय विचारत दारोदार फिरले. औषधवाल्यानं टॉनिक दिलं. शेजारच्या बाईंनी शब्दकोडी सुचवली. मी आईला रोज तासभर कोड्यांना बसवायचे. ती रडायची, मी दटावायचे, मुद्दाम करतेस म्हणायचे. हे सगळं फोनवर तुला सांगत होते. तू म्हणायचीस, छान, चालू दे.

का गं?

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्रकात पहिल्याच पानावर होतं : वाद घालू नका, परीक्षा घेऊ नका. मी ते बसमध्ये वाचून पर्समध्ये ठेवलं. इथल्या नोकरीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. वाटलं, तू थांब म्हणशील आणि मला थांबावं लागेल. कोड्यांचं ऐकलं तेव्हा एक शब्द बोलले असते, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पत्रक पाठवते आहे. माफी मागायला तोंड नाही.

तुझीच,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,

पत्रक मिळालं. घड्यांवर विरलंय, म्हणजे तू ते कितीदा तरी वाचलंस.

मी थांब म्हटलं नसतं. तुझी बॅग मीच भरून दिली असती. तू विचारलंच नाहीस.

काल आईनं तुझी चौकशी केली, तू अजून लहानच आहेस असं समजून. पत्रकात म्हटलंय तसं मी तिचं बोलणं खोडून न काढता, शाळेत गेलीय म्हणाले. ती समाधानानं झोपली.

प्रती काढल्यात. एक औषधवाल्याला, काउंटरवर ठेवायला. एक शेजारच्या बाईंना, त्यांचा हेतू चांगलाच होता. दहा प्रती दवाखान्यातल्या बाकावर, सोबत आलेल्यांसाठी. मूळ पत्रक माझ्याकडे राहील. तुझं पत्र यापुढे आईच्या नावानं येऊ दे, मोठ्या अक्षरांत. मी वाचून दाखवीन. मला वेगळं लिहू नकोस.

लोभ सध्या तिच्यावरच असू दे.

ताई