जाड पाकिटं, तिरकी अक्षरं

५ सप्टेंबर २००५, बॉन
काँट्रॅक्ट ३१ ऑक्टोबरला संपतंय. नोकरी नाही तर व्हिसा नाही, म्हणजे गाशा गुंडाळून पुणे. लेकीची, स्वरालीची शाळा नुकती सुरू झालीय. तरी घाबरायचं कारण नाही. चूक सापडली: फॉण्ट. आजपासून अख्खी बेवेर्बुंग, म्हणजे अर्ज, बायोडेटा, सगळं फोल्डर, बोल्ड इटॅलिकमध्ये. बोल्ड म्हणजे आत्मविश्वास. इटॅलिक म्हणजे कामाला धावणारा माणूस. शिवाय अक्षरांच्या टोकांना सेरिफचे छोटे पाय. धावतानाही पाय जमिनीवर!

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
पाच अर्ज रवाना. मालिनी म्हणाली, बोल्ड इटॅलिक लोणच्यासारखं असतं, पानात डावीकडे एवढंसं. ताटभर वाढलंस तर कोण जेवेल? बायकोला एचआरमधलं काही कळत नाही. स्वराली सहा वर्षांची, उत्तरं जर्मनमध्येच. म्हणाली, फेल्ट उम. अक्षरं पडताहेत म्हणे! धावणं आणि पडणं यातला फरक शाळेत शिकवतील.

१२ सप्टेंबर
आठ झाले. शाई संपली. बोल्ड फार शाई पितं, एवढाच त्याचा दोष. नववा अर्ज, बाड हॉम्बुर्गच्या एका छोट्या कंपनीसाठी, मालिनीने कॉपीशॉपमधून छापून आणला. साध्या, सरळ अक्षरात. वाया गेला.

१९ सप्टेंबर
तीन पाकिटं आली. जाडजूड! माझ्या मित्राची, शिरीषची अमेरिकेची ॲडमिशन जाड पाकिटातूनच आली होती. नकाराला एक कागद पुरतो. पण पितृपक्ष लागलाय. शुभ पाकीट आत्ता फोडायचं नाही. आईनेही फोनवर हेच सांगितलं. घटस्थापनेपर्यंत देवापुढे. मालिनी म्हणाली, निदान एक तरी उघड. हात लावू दिला नाही.

२२ सप्टेंबर, दुपारी ४
बाड हॉम्बुर्गचं पाकीट. पातळ. वाटलंच होतं! मालिनी बिचारी खचेल, म्हणून न फोडता बुटांच्या कपाटात. नवऱ्याने एवढं तरी करावं.

३० सप्टेंबर
आठपैकी आठ जाड! कुठली ऑफर घ्यायची, हाच आता प्रश्न. साहेब तीन महिने काँट्रॅक्ट वाढवून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. गेनाऊ! अगदी बरोबर केलं. मालिनीला घटस्थापनेला एकदमच सांगीन.

४ ऑक्टोबर, घटस्थापना, सकाळी ९
पूजा केली. पाकिटं फोडली. आठही पाकिटांत माझेच फोल्डर. इथे नकार देताना अर्ज परत पाठवायची पद्धत आहे म्हणे. वर पुढील वाटचालीस शुभेच्छा.
मग निमूटपणे बुटांच्या कपाटातलं पाकीट आणलं. मुलाखतीचं बोलावणं. २९ सप्टेंबर, सकाळी दहा.
फोन केला. जागा भरली.

सकाळी ११
साहेबांची मुदतवाढ नाकारल्याचं मालिनीला सांगितलं. तिने देवापुढची फोडलेली पाकिटं गोळा करून नीट रचून ठेवली. फार वाईट वाटलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. साहेबांना फोन केला. म्हणाले, लेखी विनंती द्या, बघतो.
विनंती मालिनी टाइप करतेय. साधी, सरळ अक्षरं. मी फॉण्टबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. एकच शब्द बोल्ड इटॅलिकमध्ये आहे: बिटे. कृपया. तो तिनेच केला.