मूळ पट्टीतली अंगाई

३ डिसेंबर

प्रिय ठमे,

तुला आणि जावईबापूंना खूप प्रेम. इकडे सगळे धडधाकट आहोत.

नाताळला येतेयस हे वाचून बरं वाटलं. फक्त आधीच सांगून ठेवते, नंतर तोंड फुगवू नकोस. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय आणि तुझी सर्दी मला ठाऊक आहे. बसला मरणाची गर्दी असते. चर्चच्या क्वायरचे झगे यंदा मीच नव्याने शिवलेत, त्यात तुझ्या मापाचा एकही नाही आणि ताग्यातलं कापडही संपलं. तेव्हा तू आपली समोरच्या बाकावर बसून निवांत ऐक.

ऐकण्यासारखं आहे बरं का. क्वायरच्या मास्तरांना यंदा भलताच उत्साह चढलाय. एक जुनं लॅटिन स्तोत्र आहे, वाद्यांशिवाय, चार आवाजांत, इतकं संथ की बेकरीवाले काका मध्येच डुलकी काढतात. एक ढोल-टाळ्यांचं आहे. त्यात आमच्या बायका एवढी घाई करतात की ऑर्गनच्या आधीच शेवटाला पोचतात. आणि मग गव्हाणीपाशी मरिया बाळ येशूसाठी गाते ती आपली अंगाई. ती काय, नेहमीसारखीच.

ये हं. पण जमत नसेल तर उगाच ओढाताण करून घेऊ नकोस. ईस्टरलाही येता येईल, तेव्हा हवा छान असते.

तुझी
ताई

१२ डिसेंबर

ठमे,

पत्र मिळालं. ओलीची तुला भीती नाही, झगा तू स्वतःचाच आणतेयस. वा! तुला आडवळणाने सांगून आजवर कधी काही कळलंय?

तर सरळ सांगते. मास्तरांनी माझ्याकडे तुझ्यासाठी निरोप दिला होता. ठमी येतेय तर अंगाई तिलाच गाऊ दे, विचारून घे, म्हणाले. मी तो निरोप गिळून बसले.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हापासून ती अंगाई मी गातेय. माझा गळा वर जात नाही म्हणून मास्तरांनी अख्ख्या क्वायरची पट्टी उतरवली, हे मला माहीत होतं. पण गेल्या रविवारी तालमीत ते म्हणाले, आज मूळ पट्टीत घेऊन बघू. तुझ्यासाठीच ते. ऑर्गन सुरू झाला आणि सगळी क्वायर अशी मोकळी गायली की काय सांगू. बेकरीवाले काका म्हणाले, "हुश्श, इतकी वर्षं माझा आवाज पोटातच अडकला होता." सगळे हसले. मीही हसले. सगळेच्या सगळे माझ्यासाठी इतकी वर्षं कण्हत गात होते, आणि मला वाटायचं गाणं रंगतंय. घरी आले आणि एका झग्याची बाही उसवली, परत शिवली, परत उसवली.

मला तुझा हेवा वाटतो, ठमे. आजचा नाही, लहानपणापासूनचा. मी पहाटे उठून गळा घासायचे. तू शेंगदाणे खात खात तालमीला यायचीस, हात झटकायचीस आणि वरचा सूर सहज लावायचीस. मग घरी जाताना सगळे तुझ्याबद्दल बोलायचे आणि मी तुझी पिशवी धरलेली असायची.

म्हणून मागते. ये, पण मास्तरांना सांग की घसा बसलाय. मूळ पट्टीत मी गाऊन दाखवते. एवढा एक नाताळ मला दे. लाज सोडून मागतेय.

ताई

२६ डिसेंबर

ठमे,

तुला बसमध्ये बसवलं आणि घरी येऊन तशीच लिहायला बसले. समोर बोलले असते तर भांडण झालं असतं.

तू शब्द पाळलास. मफलर गुंडाळून आलीस, मास्तरांसमोर अशी खोकलीस की क्षणभर मलाही खरं वाटलं, आणि मुकाट्याने माझ्यामागे, खालच्या सुरांच्या बायकांत जाऊन उभी राहिलीस. पहिलं कडवं छान गेलं. दुसरंही. तिसऱ्यात तो वरचा सूर आला, मी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली.

तरी सूर लागला. चर्चभर लागला. माझ्या खांद्यावरून आला आणि मी तोंड तसंच उघडं ठेवून उभी राहिले. आपल्या दोघींचे आवाज एकाच घरातले, कुणाला काही कळलं नाही. मास्तरांनी माझे दोन्ही हात धरले. बेकरीवाले काका म्हणाले, आता दरवर्षी मूळ पट्टीच. मी हो म्हटलं. तो सूर माझा नव्हता हे सांगायला जीभ रेटली नाही.

तू मला वाचवलंस हे मला कळतं. पण फसले असते तर ते माझं फसणं असतं. रडून मोकळी झाले असते आणि पुढच्या वर्षी आपणहून म्हटलं असतं, बाई गं, तूच गा. आता तेही करता येत नाही. लोकांनी जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, आणि तेही तुझंच निघालं.

आणखी एक सांगते. मी तोंड उघडायच्या आधीच तू श्वास भरून घेतलास. मला मागून ऐकू आला. म्हणजे मी फसणार हे तू धरूनच चालली होतीस. सूर दिलास ते मी एक वेळ विसरेन, तो श्वास नाही.

पुढच्या नाताळला ये. माझ्यामागेच उभी राहा.

तुझ्यावर जळणारी, तुझीच
ताई