मीटरपेटीजवळची काच

२ फेब्रुवारी, रविवार

जिन्याचं छत पडलं! सगळं नाही, थाळीएवढा तुकडा. पण खाली वरच्या नूरजहाँची नात उभी होती. समरा. चार वर्षांची. एक पाऊल पुढे असती तर— नाही लिहीत.

संध्याकाळी सगळे कंपाउंडात जमले. गणपतीला जे तोंड दाखवत नाहीत ते पण आले. निकेश बोलला, "आता आपणच कायतरी करूया. रोज थोडं थोडं." माझा पोरगा सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कोणी व्हायला तयार नव्हतं म्हणून झाला. दुसऱ्या मजल्यावरचा दत्तू उभा राहिला, छाती पुढे काढून— "बिल्डिंग म्हणजे आपली आई!" मी बोलले, "आईच्या जिन्यात मग थुंकतो कोन?" सगळे हसले. तो बसला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळ्यांनी मिळून काम. गटार साफ, जिन्यात नवे बल्ब, गेटला कडी. तिसऱ्या मजल्याची अबोली शाळेत शिकवते, तिने मुलांकडून भिंती घासून घेतल्या. पिचकाऱ्यांचे डाग काय गेले नाहीत.

गच्चीच्या भिंतीतून पिंपळ आला होता. मुळं भिंत फाडत होती. पण कापणार कोण? दत्तू मागे सरकला, पाप लागतं म्हणे. शेवटी नूरजहाँचा मुलगा अरसलान, त्याला चढवला. तो वरून ओरडला, "आजी, पाप मला पार्सल करता काय?" मी बोलले, "तुजा वेगला डिपार्टमेंट हाय, तू काप!" हसून हसून त्याच्या हातून कोयताच पडायचा.

बरं वाटलं. तीस वर्षं एका जिन्यात राहतो, असं कधी केलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इंजिनियर आला. निकेशच्या ओळखीचा. छोटी हातोडी घेऊन भिंती वाजवत फिरला, वैद्य पाठ वाजवतो तसा. जिन्याकडचा पिलर आहे ना, ज्याच्यावर खाली मीटरपेटी आहे, तिथे थांबला. पेटीच्या वर उभी भेग. नख जाईल एवढी.

"कुणी पिलरला हात लावलाय का? घरात तोडफोड? खरं सांगा, मी पोलिस नाही."

सगळे— नाही, नाही, नाही.

मग निकेशने कागद काढला. आमच्या घरात कसलीही तोडफोड केलेली नाही, असं प्रत्येकाने लिहून द्यायचं. घर माझ्या नावावर. निकेश बोलला, "आई, तू पयली सही कर, तुझी बघून बाकीचे करतील."

केली.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोणाला तरी सांगायला पाहिजे. या वहीला सांगते, हिला तोंड नाही.

जिन्यातला तो पिलर आहे त्याची पाठ माझ्या स्वयंपाकघरात. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा तो कोपऱ्यात पुढे आलेला, नाकासारखा. देवांना जागा नव्हती. सारसोळ्याला सासरच्या घरी देवाची आख्खी खोली होती, इथे डब्यांच्या फळीवर ठेवलेले. मी रोज कटकट करायची. शेवटी निकेशच्या बाबांनी मधुकर मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीने पिलर पोखरला. हातभर उंच, वीतभर खोल. आत लोखंडी सळ्या लागल्या. दोन कापल्या.

मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं— "काय व्हनार तर नाय ना?"

"वहिनी, दोन ठेवल्यात की. देवच बसणार आत, काय होतंय!"

वरून टाइल लावली, सागाची छोटी दारं, घंटी. निकेश तेव्हा सहा वर्षांचा, मे महिन्यात मामाकडे होता. परत आला तो देवांना टाळ्या वाजवत बसला. त्याला वाटतं देव भिंतीत आहेत.

आणि मी काय केलं? आख्ख्या जिन्याला बोलावून दाखवलं. बघा माझा देव्हारा! नूरजहाँ बोलली होती, "वहिनी, किती साफ काम केलंय, एक इंच जागा फुकट नाही घालवली." मी फुगले. फुगून मिस्त्रीचा नंबर तिला दिला.

निकेशचे बाबा गेले. मिस्त्री कुठे आहे माहीत नाही. सळ्या कापलेल्या जाणणारी एकटी मीच उरली.

१४ फेब्रुवारी

निकेशला सांगायला गेले. तो फोनवर कोणाला तरी बोलत होता— "नाही हो, आमच्या लोकांनी काय केलेलं नाही, मी लिहून घेतलंय सगळ्यांकडून." मी चहा ठेवून परत आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इंजिनियरने भेगेवर काचेची पट्टी बसवली. आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट. भेग वाढली तर काच तडकते. साधी गोष्ट. अशा चार बसवल्या, एकेका मजल्याला एक. रोज सकाळी बघायची आणि दोरीला बांधलेल्या वहीत लिहायचं, काच ठीक. मीटरपेटीजवळची माझ्या वाटणीला आली. मला वर चढवत नाही. सहा वर्षं झाली, पहिला मजला पण बघितला नाही.

दत्तू बोलला, "आजींचं लक्ष म्हणजे सीसीटीव्ही."

हो. बघतो सगळं, बोलत काय नाही.

१८ फेब्रुवारी

काच ठीक.

१९ फेब्रुवारी

काच ठीक. समरा वर धावते. माझ्या डोक्यावर धप धप धप. आधी मी काठीने छत ठोकायची, गप्प बस म्हणून. आता काठी लावायला भीती वाटते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काच फुटली.

मधोमध. केसासारखी रेघ. बोट फिरवलं तर लागली.

वही हातात घेतली आणि लिहिलं— काच ठीक.

का लिहिलं? हात माझा नव्हता असं सांगणार नाही. माझाच होता. निकेश आतून ओरडला, "आई, ठीक ना?" मी बोलले ठीक.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी बघते तर काच अख्खी!

आधी वाटलं माझे डोळे गेले. चष्मा पुसला. नवीन काच. टोकाचं सिमेंट ओलं, माझ्या बोटाला लागलं. कालची काच काढून कोणीतरी नवीन लावली.

म्हणजे कोणालातरी माहीत होतं फुटली ते. आणि त्याला पण ती फुटलेली नको होती.

कोण? दत्तू असणार. फ्लॅट विकायला काढलाय त्याने.

जिन्यातून आज एकेक माणूस जाताना बघितला. सगळे हसून गेले. मी पण हसले.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सगळे कामाला. रेलिंगला रंग. अबोलीने कुंड्या आणल्या, तुळस, कोरफड. निकेश इतका खूश की मला कुंडी दाखवायला हाताला धरून घेऊन गेला. "आई, बिल्डिंग बघ कशी दिसते!"

दिसते छान.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

देव धुवायला बाहेर काढले. देव्हाऱ्यातली मागची टाइल सरळ दोन तुकडे. एक तुकडा काढला तर आतली सळी दिसली. गंजून फुगलेली, सालं निघतात. वरून खालपर्यंत बारीक माती पडलेली.

देव परत बसवले. उज्वलाने विचारलं, "सासूबाई, नैवेद्य ठेवू ना?" सून चांगली आहे. ठेव बोलले.

जाणार कुठे आम्ही? सारसोळ्याचं घर दिरांनी वाटून घेतलं. इथे निघा बोलले तर आठ घरं रस्त्यावर. आणि सगळे निकेशकडे बोट करतील. तुझ्या आईने.

नाही सांगितलं तर—

वरती धप धप.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी नूरजहाँ खाली आली. सगळे कामावर, दोघीच. डोळे सुजलेले. मी बोलले, "काय गं, सुनेनं भांडन काढलं?"

"वहिनी, काच मी बदलली."

मी दार लावून घेतलं.

"मी फुटलेली बघितली. अरसलानला पण नाय सांगितलं. बाजारातून काच कापून आणली, पुट्टी लावली सिमेंट घालून." मग बोलली, "दोन-तीन दिवसांत रोजे लागतात. हे मनात ठेवून मी रोजा कसा धरू?"

"पन तू कशाला बदललीस?"

अरसलानच्या लग्नात तिने स्वयंपाकघर नवीन केलं होतं. मिस्त्री तोच. मीच दिलेला नंबर. त्याने सांगितलं, खाली वहिनींकडे केलंय तसं कोपऱ्यात करून देतो, जागा वाचेल. तिचा मिक्सर आणि पिठाचा डबा तिथे बसतो.

माझ्या डोक्यावर. बरोबर माझ्या देव्हाऱ्याच्या वर.

मी तिला दारं उघडून फुटलेली टाइल दाखवली. तिने हात तोंडावर ठेवला. दोघी जमिनीवर बसलो. मग ती बोलली, "तुमचा देव, माझा मिक्सर." आणि आम्ही हसायला लागलो. कसलं हसू ते! रडण्यापेक्षा वाईट.

शनिवारी इंजिनियर येणार आहे. दोघींनी मिळून सांगायचं ठरलं.

२८ फेब्रुवारी

निकेशला आज सांगितलं. आधी त्याला कळलंच नाही. मग देव्हाऱ्यात हात घालून सळीला लावला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१ मार्च, शनिवार

सगळ्यांसमोर बोलले. नूरजहाँ पण बोलली. दत्तू एवढा लाल झाला, वाटलं शिव्या देणार. तर खाली बघून बोलला, "आमच्या पण कपाटामागे तसला खण आहे. बाटल्यांसाठी." अबोली रडायला लागली. तिच्याकडे मुलांची पुस्तकं.

इंजिनियर वर गेला. मी खाली उभी. ठक ठक पहिल्या मजल्यावर. ठक ठक दुसऱ्या. तिसऱ्या. सगळं एकाच जागी, माझ्या देवांच्या रेषेत. मग आवाज थांबला. तो खाली उतरला तो रेलिंगला हात न लावता. इतका बारीक आवाज काढला की जवळ जावं लागलं—

"सगळे बाहेर चला. आधी पोरं. हळू. कोणी धावू नका."

गेटबाहेर कट्ट्यावर बसून लिहिते. आठ घरं रस्त्यावर, कुंड्या आत. समरा मांडीवर आहे, पहिल्यांदा गप्प बसली. उज्वला देव आणायला परत निघाली होती, निकेशने हात धरला.

देव आतच राहिले. धरा म्हणावं तो पिलर आता तुमीच.